फुकटचं म्हणजे नक्की किती रुपयांचं? (बडोदा, घरखर्च आणि सरकारी सेवा)

रावपुरा_झेरॉक्स
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आज जरा लांबलचक टाकतोय, कंटाळा आला तर सोडून द्या. कोठी कचेरीच्या (कलेक्टर ऑफिस) पट्ट्यात आपलं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म. आवकेचा (उत्पन्नाचा) दाखला, रेशनकार्डात नाव चढवणं-उतरवणं, आयुष्मान कार्ड, आरटीई म्हणजे खाजगी शाळेतल्या मोफत जागेचा फॉर्म, जे येईल ते. परवा घरच्याच एका जेवणात विषय निघाला की "या लोकांना सगळं फुकट मिळतं, मग कामाला माणूस कुठून मिळणार". पंगतीत श्रीखंड चालू होतं म्हणून गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना.

तर प्रश्न असा. कमी पगाराच्या घराला ह्या फुकट गोष्टी महिन्याला खरंच किती रुपयांच्या पडतात, आणि त्या मिळवायला किती रुपये जातात? भाषण नको, हिशेब टाका. माझ्याकडून सुरुवात रेशनने करतो.

एनएफएसए म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याच्या कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो धान्य, अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांचं कार्ड) असेल तर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून पूर्ण मोफत. पण त्याआधीही गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोच होता की! म्हणजे पाच माणसांच्या घराचे "मोफत" केल्यामुळे वाचले ते साठेक रुपये, हे कुठल्या पोस्टरवर लिहिलेलं दिसत नाही. खरी किंमत बाजाराशी लावायला हवी. तेच २५ किलो किराणावाल्याकडून आणायचं तर आठशेच्या आसपास जातात. आणि आठशे म्हणजे भांडी घासणाऱ्या बाईला एका घरचा महिन्याचा पगार. थोडक्यात, रेशन बंद झालं तर तिला अजून एक घर धरावं लागेल.

आता दुसरी बाजू. कडियाकामावरचा (गवंडीकाम) माणूस दाखल्यासाठी आला की त्या दिवसाचा खाडा. रिक्षा, झेरॉक्स, सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र), आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या" झालं की दुसरा खाडा. माझं पोट ह्याच कागदांवर चालतं हे मान्य, पण गिऱ्हाईक खिशातले पैसे मोजून "फक्त पहिल्या पानाची काढा" म्हणतं तेव्हा कळतं की फुकटालाही दारात तिकीट आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं होतं ते आठवतंय ना. पाणी उतरल्यावर दुकानात पहिली गर्दी आली ती भिजलेल्या कागदांची. रेशनकार्डाची पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली, एका आजींनी तर गॅसच्या शेगडीवर वाळवायला गेल्या नि एक कोपराच जाळून आणलेला. घरात चिखल, पण आधी कागद. कारण त्या कागदावर पुढचं सगळं अडतं.

अकोटा_कर
लेख छान पण एकतर्फी. मी टॅक्स भरतो, माझ्या मुलीची शाळेची फी भरतो, आईबाबांचा मेडिक्लेम भरतो. मला काय मिळतं? रस्त्यावर खड्डे. एकदा फुकटची सवय लागली की सुटत नाही हे मान्य करायला काय हरकत आहे? ज्याला खरंच गरज आहे त्याला द्या, नाही कोण म्हणतंय. पण कार्डं तपासा, कडक तपासा. आमच्या सोसायटीत भाड्याने दोन फ्लॅट दिलेला माणूस रेशन उचलतो, डोळ्यांनी बघितलंय.

जीआयडीसी_हजेरी
टॅक्स सगळेच भरतात हो काका. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी तुम्हालाही आणि हेल्परलाही. फक्त त्याला फॉर्म १६ (पगारातून इन्कमटॅक्स कापल्याचा दाखला) मिळत नाही म्हणून तो करदाता वाटत नाही.

नवापुरा_पोळीभाजी
मी लिहू का, मी ह्या "या लोकांना" मधली आहे 🙂 तीन घरी पोळ्या करते आणि सणासुदीला ऑर्डर घेते, मिस्टर लोडिंग रिक्षा चालवतात म्हणजे चालली तर चालवतात. हिशेब मागितलात म्हणून लिहिते. माझी दोन्ही बाळंतपणं सरकारीत झाली दुसरं सिझेरियन होतं आणि त्याच महिन्यात माझ्या जावेचं सिझेरियन प्रायव्हेटमध्ये झालं तिला सगळं धरून साठ हजारांच्या वर गेले ते दिरांनी व्याजाने काढले, दर महिन्याला शेकडा तीनने, मुलगा चालायला लागला तरी बाळंतपण फिटलं नव्हतं. माझं ऑपरेशन, औषध, रक्ताच्या तपासण्या, जेवण, सगळं मोफत, घरी सोडायला पण खिलखिलाट गाडी (आई-बाळाला घरी सोडणारी सरकारी गाडी) आली.

पण अगदीच काही लागलं नाही असं नाही हं. ते बाळ दाखवायला आणतात ना तेव्हा बक्षिशी. मुलगा झाला म्हणून जास्त मागितली, मुलगी असती तर कमी, रेट ठरलेला. सासूबाईंनी पदराची गाठ सोडून दिले. ते पैसे मी अजून विसरले नाही. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, सगळे वाईट नव्हते, एक सिस्टर रात्रभर माझ्याजवळ होती.

आणि अकोटाकर भाऊ, सवय म्हणाल तर सवय मला लागलीच आहे, रात्री झोपायची. कारण व्याजवाला दारात येत नाही.

रात्रपाळी
सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, कुठल्या ते राहू दे. ताईंनी लिहिलेली बक्षिशी खरी आहे आणि लाज वाटते. तक्रार करा म्हणून बोर्ड लावलेत पण ओली बाळंतीण तक्रार लिहायला बसत नाही. जे मोफत मिळालं तो उपकार नव्हता, हक्क होता. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात सिझेरियनसुद्धा मोफत, आणि आजारी बाळाचे उपचारही. हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं म्हणून त्या "बिचाऱ्यांनी फुकट केलं" म्हणून पाया पडतात आणि बक्षिशीवाल्यांचं फावतं.

कार्डाबद्दल एक गैरसमज काढते. आयुष्मान कार्ड देशात ५ लाखांच्या उपचारांचं, आपल्याकडे गुजरातमध्ये २०२३ पासून १० लाखांचं. ऐकायला केवढं वाटतं! पण ते ॲडमिट झाल्यावर. बीपीची गोळी, शुगरची गोळी, साधा खोकला, ओपीडीची तपासणी, हे त्यात नाही. आणि गरीब घर हळूहळू रिकामं होतं ते ह्याच रोजच्या गोळ्यांनी. म्हणून वॉर्डातला अर्बन हेल्थ सेंटरचा छोटा दवाखाना दहा लाखांच्या कार्डाइतकाच महत्त्वाचा. तिथे बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात. पेशंट गोळी बंद करतो, कारण महिनाअखेर असते, आणि मग आमच्याकडे रात्री दोन वाजता १०८ मधून तोंड वाकडं होऊन येतो. मग दहा लाखांचं कार्ड कामाला येतं, पण माणूस पुन्हा कामाला जात नाही.

जीआयडीसी_हजेरी
+१. आकडा हवा असेल तर नॅशनल हेल्थ अकाउंट्समध्ये आहे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. उतरलाय, पण अजूनही शंभरातले चाळीस घरूनच जातात.

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कॉन्ट्रॅक्टरकडे हजेरी-पगार बघतो. आमच्या पोरांचं कार्ड वेगळं, ईएसआय, म्हणजे कामगार विमा. ते फुकट नाही, पगारातून ०.७५ टक्के कापतो आणि मालक ३.२५ घालतो. त्यात ओपीडी पण येते आणि आजारपणाच्या रजेचे पैसे पण. पण मर्यादा महिना २१,००० पगाराची. पोराला पगारवाढ द्यायची म्हटलं की तो स्वतः येऊन विचारतो, "साहेब, ईएसआय तर नाही ना जाणार?" घरी आईचं डायलिसिस चालू असतं. पाचशे वाढवून घेऊन हजारोंचा उपचार घालवायचा का, हा त्याचा हिशेब तुमच्या-आमच्यापेक्षा पक्का असतो.

अकोटा_कर
हेच तर म्हणतोय मी! पगारवाढ नको म्हणतोय तो, फुकटासाठी. प्रगती कशी होणार?

जीआयडीसी_हजेरी
काका, ईएसआयचे पैसे तो भरतो. फुकट कुठे आलं? प्रगती अडवते ती रेषा, पोरगा नाही.

वाडीचे_मास्तर
नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडं पाल्हाळ लावणार. आपण बडोदेकर ह्या विषयावर बोलायला बसलो आणि सयाजीरावांचं नाव इतक्या उशिरा आलं ह्याचंच नवल वाटतं.

महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात काही गावांपुरतं मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं तेव्हा बडोद्याचा दाखला समोर होता. हे सगळं आपण शाळेत घोकलंय. घोकत नाही ते असं की मुलगा शाळेत आला नाही तर बापाला दंड होता. फी नव्हती, पण गुरं वळणारा पोरगा शाळेत बसला की घरातले दोन हात कमी व्हायचे, आणि नाही बसवला तर दंड. झेरॉक्सवाले भाऊ म्हणतात तो खाडा तेव्हापासूनचा आहे. म्हणून केवळ फी माफ केली की सेवा मोफत झाली असं मी कधी मानलं नाही. मध्यान्ह भोजन आपल्याकडे १९८४ मध्ये सुरू झालं त्यानंतर वर्गातला फरक मी ह्या डोळ्यांनी पाहिला आहे. दुपारच्या सुट्टीनंतरही बाकं भरलेली असत.

आता माझं दुखणं. आमच्या शाळेच्या एका वर्गात एके काळी साठ पोरं बसायची, वकिलाचा मुलगा आणि त्याच वकिलाच्या घरी पाणी भरणाऱ्या बाईचा मुलगा एका बाकावर. नळ गळत असेल तर वकीलसाहेब समितीच्या ऑफिसात जाऊन टेबल बडवायचे. मग वकीलसाहेबांनी मुलाला इंग्रजी माध्यमात घातलं, त्यांच्यामागे कारकुनांनी, त्यांच्यामागे शिक्षकांनी. राहिली ती पाणी भरणाऱ्या बाईची मुलं, आणि नळ गळतच राहिला. त्या बाईचं ऐकणार कोण?

नवापुरा_पोळीभाजी
मास्तर कदाचित मी तुमचीच विद्यार्थिनी असेन, कोणत्या शाळेत होतात ते इथे नको विचारायला 🙂

एमएस_बॅकबेंचर
मास्तरांच्या पोस्टला +१००. लायब्ररीचं मी लिहितो. सेंट्रल लायब्ररी १९१० ची, महाराजांनी बॉर्डन म्हणून अमेरिकन ग्रंथपाल आणला होता त्याच्या काळातली. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची फरशी आहे, खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून. तेव्हा लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायचे, तेही मोफत.

तो इतिहास झाला. आजचं सांगतो. आमचं घर दीड खोलीचं, त्यात टीव्ही, आजोबा आणि बहिणीचं शिलाई मशीन. स्पर्धा परीक्षा करणारी आमची अर्धी गँग अशीच घरं असलेली. प्रायव्हेट रीडिंग रूम एसी-वायफायसकट महिन्याचे हजारभर घेतात. सार्वजनिक वाचनालयात टेबल, पंखा आणि शांतता मिळते, पेपर चाळायला मिळतात आणि एक मोठी गोष्ट म्हणजे आवकेचा दाखला मागत नाहीत. आत जा, बसा. माझ्या शेजारी रिटायर्ड बँकवाले काका गुजराती पेपर वाचत बसतात. पंखा बंद पडला तर मी गप्प बसेन, काका नाही बसत, ते थेट काउंटरवर. अर्ध्या तासात लाइटवाला हजर.

रावपुरा_झेरॉक्स
मास्तर आणि बॅकबेंचर, माझ्या मनातलं तुम्ही लिहिलंत. मी दिवसभर जे फॉर्म भरतो ते सगळे एकच सिद्ध करायला असतात, की मी गरीब आहे. कमाटीबागेत शिरताना हे सिद्ध करावं लागत नाही, १०८ ला फोन केला की कार्ड विचारत नाहीत, लसीकरणाला विचारत नाहीत. आणि नेमक्या त्याच गोष्टी बऱ्यापैकी नीट चालतात. जिथे कागद मागतात तिथे सगळ्यात गरीब माणूसच गळतो, कारण त्याचेच कागद धड नसतात. भाड्याची खोली, भाडेकरार नाही, लाइटबिल मालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता, गाव पंचमहालात. दोन फ्लॅटवाल्याचे कागद मात्र एकदम टकाटक.

रेशनच्या ई-केवायसीला (आधारवरून ओळख पटवणं) काय झालं ते लिहितो. वर्षानुवर्षं भांडी घासलेल्या बायकांच्या बोटांचे ठसेच उरलेले नाहीत. मशीनवर अंगठा ठेवायचा, लाल दिवा. पुसून ठेवायचा, लाल दिवा. एक मावशी अंगठा पदराला घासघासून ठेवत होत्या आणि मागची रांग चिडत होती. शेवटी माय रेशन ॲपमधून चेहऱ्याने करून दिलं. ते तरी सोय आहे म्हणून, नाहीतर कष्ट केल्याची शिक्षाच होती ती.

अकोटा_कर
तत्त्वतः ठीक आहे, पण कागद न मागता सगळ्यांना सगळं द्यायचं तर पैसा कुठून आणणार? बाग आणि लायब्ररी स्वस्त गोष्टी आहेत, हार्ट सर्जरी नाही. म्हणजे कुठेतरी रेषा ओढावीच लागणार ना? माझं म्हणणं एवढंच की ती रेषा प्रामाणिक असावी.

रात्रपाळी
हा मुद्दा बरोबर आहे तुमचा. पण तुमच्या आईबाबांचं वय ७० च्या वर असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान उत्पन्न न बघता मिळतं, माहीत आहे ना? आधार पुरतं. मेडिक्लेमचा हप्ता त्या वयात किती येतो तो तुम्हीच सांगा.

अकोटा_कर
बाबा ७४. हप्ता सांगत नाही, बीपी वाढेल. बघतो. पण त्याने माझा मुद्दा खोटा ठरत नाही.

जीआयडीसी_हजेरी
कोणी म्हटलं खोटा ठरतो 😄

तेडागर_ची_लेक
सगळ्यांनी दवाखाना-शाळा लिहिलं, अंगणवाडीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी आई तेडागर होती, म्हणजे सकाळी घरोघर जाऊन मुलं गोळा करून अंगणवाडीत आणणारी. लोकांना वाटतं तिथे फक्त बालशक्तीचं (पोषण आहार) पाकीट आणि नाश्ता मिळतो. अहो, मिळतात ते आईला सकाळचे तास! मूल सांभाळायला कोणी असेल तर ती दोन घरची कामं उरकून येते. पाळणाघराला पैसे द्यायचे तर त्या दोन घरांचा पगार तिथेच गेला. सरकारी कागदावर हे कुठेच जमा धरत नाहीत कारण कागदावर ती "पूरक पोषण" योजना आहे. आई आजारी पडली की त्या दिवशी गल्लीतल्या कितीतरी बायकांचा खाडा व्हायचा, त्या आईच्या तब्येतीची चौकशी करायला यायच्या त्यात निम्मी माया आणि निम्मी ही काळजी.

नवापुरा_पोळीभाजी
अगदी अगदी. आणि अंगणवाडी लवकर सोडली की बायका पळत सुटतात.

मला एक विचारायचं होतं. नमो लक्ष्मीचे (मुलींना शाळेसाठी सरकारकडून मिळणारे) पैसे माझ्या भाचीला येतात नववीत आहे ती, चार वर्षांचे मिळून ५०,००० म्हणतात आणि हजेरी ८० टक्के लागते. चांगलंच आहे. पण शाळेत विज्ञानाला शिक्षकच नाही सहा महिने, मग त्याच पैशातून ट्यूशन लावली. मग पैसे मिळाले की गेले?

वाडीचे_मास्तर
बेटा, ह्याचं उत्तर सरळ आहे. हातात रोख दिली की बातमी होते, फोटो येतो. शिक्षक नेमला तर तीस वर्षं पगार आणि पुढे पेन्शन द्यावी लागते, आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. रोखीला माझा विरोध नाही, मुलगी शाळेत टिकते हे खरं. पण शिक्षकाऐवजी रोख, हे मला मान्य नाही.

एमएस_बॅकबेंचर
आरटीईचं पण तसंच. २५ टक्के जागा खाजगी शाळेत, वर मुलाला वर्षाला ३,००० पुस्तकं-गणवेशाला. पण २०२५ मध्ये उत्पन्नाची मर्यादा शहरात दीड लाखावरून सहा लाखांवर नेली. जागा तेवढ्याच, रांग केवढी. आता महिना पंचेचाळीस हजारवाला आणि महिना दहा हजारवाला एकाच यादीत. हे चांगलं की वाईट मला खरंच ठरवता येत नाहीये. मास्तरांच्या हिशेबाने वकीलसाहेब परत बाकावर आले असं म्हणायचं का?

वाडीचे_मास्तर
नाही. बाक वाढलं असतं तर म्हटलं असतं.

रावपुरा_झेरॉक्स
बॅकबेंचर, दुकानातला अनुभव सांगतो. मर्यादा वाढल्यावर फॉर्म भरायला येणारी गर्दी बदलली, आता पुष्कळ जण मोबाइलवर स्वतःच भरून फक्त प्रिंट घ्यायला येतात. जे आधी समोर बसून एकेक रकाना विचारायचे ते तितकेच आहेत. त्यांचा फॉर्म रद्द होतो तो बहुतेक फोटो अस्पष्ट किंवा पत्त्याचा पुरावा चालत नाही म्हणून. मूळ कागद घेऊन या रे बाबांनो, मोबाइलमधला व्हॉट्सॲपवरचा फोटो आणू नका, ती अक्षरं वाचता येत नाहीत आणि पोर्टल परत पाठवतं. भाडेकरार नोंदणीचा असेल तर आणा, साध्या कागदावरचा चालत नाही म्हणून मागे पुष्कळांची वर्षं गेलीत.

नवापुरा_पोळीभाजी
भाऊ आमचे मालक करार नोंदवून देत नाहीत, म्हणतात टॅक्स लागेल. मग धाकट्याचं काय करायचं, आधारवर पत्ता सासरच्या गावचा आहे.

रावपुरा_झेरॉक्स
आधी आधारचा पत्ता बदलून घ्या ताई, आत्ताच, फॉर्म सुटायची वाट बघू नका. मिस्टरांचं बँकेचं पासबुक इथल्या पत्त्यावर असेल तर ते आणि शाळा-अंगणवाडीचा दाखला घेऊन दुकानावर या. दुपारी दीडनंतर या, सकाळी कोठीची गर्दी असते. पोळ्यांची कामं उरकून आलात तर खाडा पण पडणार नाही.